दोन विती, चार बोटं

२१ नोव्हेंबर १९७४

ही वही ह्यांची आहे. पुढची पानं त्यांनी पेन्सिलीनं भरली आहेत, सगळी बोटीबद्दल आणि इंजिनाबद्दल. जे काम झालं त्याच्यापुढे ते बरोबरची खूण करायचे. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, वही पेटीतच होती. आज मी ती उलटी केली आणि शेवटच्या पानापासून लिहायला लागले. नवी वही आणायची तर शिरवळला जायला हवं, आणि शिरवळला जायचं तर आप्पासोच्या नावेची वाट बघायला हवी.

मी शाळेत गेलेली नाही. ह्यांची पलटणीतून पत्रं यायची, ती पोस्टमनकडून वाचून घ्यावी लागायची, आणि तो वाचता वाचता मध्येच हसायचा. त्या हसण्यापायी मी खताच्या पोत्यांवरून आणि भिंतीवरच्या जाहिरातींवरून अक्षरं शिकले. आता पत्रं येत नाहीत. हाताला येईल ते वाचते.

धरणाचं पाणी आलं तेव्हापासून आमची वाडी ह्या काठाला आणि शिरवळ त्या काठाला. बाजार, दवाखाना, हायस्कूल, सगळं तिकडं. आप्पासोची लाकडी नाव आहे, पण ती आधी दुधाचे कॅन नेते, मग पुरुष माणसं, आणि बायका राहिल्या तर राहिल्या. तीन वर्षांपूर्वी वाडीतल्या कृष्णातची बायको बाळंतपणात अडली तेव्हा आप्पासो जेवायला बसला होता. त्याचं जेवण होईपर्यंत पोर काठावर जन्मलं आणि काठावरच गेलं. त्यानंतर ह्यांनी लिलावातून ही फायबरची बोट आणली. जुनी, सर्व्हेवाल्यांनी टाकून दिलेली. मग इंजिन आणलं. ते पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडून दारात चालवायचे आणि मला दोरी ओढायला लावायचे. मी एका ओढीत सुरू करते.

पण बोटीची मागची भिंत फार उंच आणि आतून कुजलेली. तिच्यावर इंजिन लावलं तर पंखा पाण्याला लागायचा नाही आणि भिंत निखळून यायची. म्हणून लोखंडाचं ब्रॅकेट करायचं, ते खालच्या मजबूत भागाला बोल्टांनी आवळायचं आणि त्याच्या फळीवर इंजिन बसवायचं, असं ठरलं होतं. ते राहिलं. रानात ह्यांच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

त्यांच्या शेवटच्या पानावर ब्रॅकेटचं चित्र आहे. खाली लिहिलंय: ‘पाण्यात उतरून मोजलं. वरच्या काठापासून फळीपर्यंत दोन विती चार बोटं. सोपानला सांगणे.’ पुढे खूण नाही.

सोपान म्हणजे शिरवळचा वेल्डर. त्याला निरोप पाठवला आहे. बोट मीच चालवणार. बायकांना आधी नेणार.

२४ नोव्हेंबर

सोपान आला. पस्तिशीचा असेल. पुण्याला कारखान्यात काम शिकून आलाय, हायवेच्या कडेला दुकान आहे. शर्टाला ठिणग्यांची बारीक बारीक भोकं. बोटीपाशी आल्यावर त्यानं पिशवीतून टेप काढला, चपला काढल्या आणि बोटीत पाय टाकायला निघाला.

मी म्हटलं, “ऱ्हाऊ दे. माप त्यांनी लिवून ठिवलंय.”

“बाई, एकदा टेपनं बगतो. आतनं बी बगाया लागंल.”

“त्यांनी मोजलंय म्हनलं न्हवं?”

“व्हय, पर वीत म्हंजे—”

“त्यांच्यापरास तुला जास्त कळतंय व्हय रं?”

त्यानं टेप गुंडाळून पिशवीत ठेवला, चपला पायात घातल्या. मी घरातून सुतळी आणली, दोन विती आणि चार बोटं मोजली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि दगडावर ठेवली. त्यानं उचलली. हातात धरून जरा वेळ बघत राहिला. मग गेला.

आष्ट्याला माहेरी आई असंच माप द्यायची. खणाचं, चौकटीचं, बाजेच्या दोरीचं. कधी चुकलं नाही.

बोट ह्यांची आहे. तिच्यात उगाच कुणी चढलेलं मला आवडत नाही.

१ डिसेंबर

ब्रॅकेट बसलं. सकाळपासून दुपारपर्यंत काम चाललं. आतून नट धरायला कृष्णात बोटीत बसला होता. सोपान बाहेरून, कमरेएवढ्या पाण्यात उभा. थंडी बरीच होती. आमच्या शेजारच्या आक्काताई मटाराची पाटी घेऊन आल्या त्या बोटीतच सोलत बसल्या.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, “ह्ये तर लोखंडाचं जू दिसतंय. बैल कवा जुपायचा?”

“उद्या,” मी म्हटलं. फार दिवसांनी हसले.

इंजिन चढवलं. पंखा पाण्यात बुडाला. जाताना सोपान म्हणाला, “बाई, मला फळी जरा वर वाटतीय. आदी रिकामी चालवून बगा. मान्सं घालू नगा.” मी बरं म्हटलं. प्रत्येक कारागीर जाताना असं काहीतरी बोलून ठेवतो, म्हणजे पुढं त्याच्यावर येत नाही. पंखा तर बुडालेला दिसत होता.

नारळ आक्काताईंनी फोडला. त्यांचे मालक आहेत. मी लांब उभी राहिले. रीत आहे.

२ डिसेंबर

आज बाजार. नऊ बायका, पाट्या, दोन कोंबड्या. एका ओढीत इंजिन सुरू झालं आणि काठावरचे पुरुष गप्प झाले. तेवढं एक चांगलं झालं.

दहा-वीस हात बोट नीट गेली. जरा वेग आला तसं मागचं पाणी खचलं आणि इंजिन किंचाळायला लागलं. बोट जागची हलेना. मी दांडा पिळला, ते आणखी किंचाळलं. पंखा पाण्याऐवजी वारा कापत होता. मग जळका वास आला, धूर आला. बंद केलं. वाऱ्यानं बोट आडवी फिरली आणि बुडालेल्या बाभळींच्या खुंटांकडे सरकायला लागली. आक्काताईंची वांग्यांची पाटी पाण्यात गेली. एक बाई रडायला लागली. मी वल्हं मारत होते, पण नऊ जणींची बोट एका वल्ह्यानं हलत नाही.

आप्पासोनं नाव आणली. दोर टाकताना मुद्दाम उभा राहून ओरडला, “राहीबाई, वरडतंय लय तुमचं इंजिन! चारा-बिरा घातला न्हाई का?” त्याच्या नावेतले सगळे हसले. माझ्या बोटीतल्याही हसल्या.

त्यानं आम्हाला शिरवळच्या काठाला ओढून नेलं. बाजाराची सगळी माणसं बघत होती. सोपान तिथंच उभा होता. बघायला आला असेल. मी चिखलातून तशीच त्याच्यापुढे गेले.

म्हटलं, “आकूड का केलंस? सांग की. अँगल कापून किती खाल्लंस माज्या लोखंडातलं?”

मग मी आणखी एक वाक्य बोलले. ते इथे लिहीत नाही.

त्याचा हात खिशात गेला होता, काहीतरी काढायला. तसाच रिकामा बाहेर आला. मग तो वळून चढावर गेला.

३ डिसेंबर

काही केलं नाही.

४ डिसेंबर

आप्पासो घरी आला. ह्यांना नेलं त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा. ओट्यावर बसला, चहा घेतला.

“बरं झालं, चारचौघांत बोललासा,” म्हणाला. “म्या बी माजी ट्रॉली त्याच्याकडनं काडून घेतली. गुऱ्हाळवाल्या बाळासोनं बी काम थांबवलंय. चोराला कोन काम दील?”

मी म्हटलं, “म्या कुटं सांगितलं तुमाला काम काडाया?”

“सांगाया कशाला पायजे? आमाला काय कान न्हाईत?”

तो गेल्यावर आक्काताई आल्या. वांग्यांचं मनात नव्हतं. उलट खुशीत होत्या. मी घाटावर बोललेलं ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या, “काय चुकीचं बोललीस? खरंच हाय त्ये.”

ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कसंतरीच वाटतं. माझ्या बाजूनं सगळे बोलतात, तरी जेवण गेलं नाही. आपण खरं बोललो असलो तर असं व्हायला नको.

६ डिसेंबर

शिरवळला गेले. ठरवलं होतं, उरलेलं लोखंड मागायचं, म्हणजे सोक्षमोक्ष होईल. सोपानचं दुकान बंद. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, “आज न्हाई उगडायचं. आज त्यांचा दिवस असतोय. मुंबईला गेलाय.”

दुकानाच्या मागेच घर. त्याची आई दारात होती, मुक्ताबाई. आत फोटोला ताजा हार, पुढे मेणबत्ती. मला तिनं ओळखलं.

“राहीबाई न्हवं? नाथाजीची मंडळी?”

मी मान हलवली. तिनं तांब्या पुढं केला. चढ चढून घसा कोरडा पडला होता. मी म्हटलं, तहान नाही.

तिनं तांब्या खाली ठेवला. रागावली नाही. म्हणाली, “नाथाजी ह्या खाटंवर बसायचा. बाजाराला आला की माज्या हातची भाकर ठरल्याली. वर हिरवी मिरची. लय हसवायचा. म्हनायचा, मावशे, एवडं घरी सांगू नगंस.”

अकरा वर्षं आमच्या घरात मी त्यांना वाढलं. बाजाराहून आले की म्हणायचे, आज भूक नाही. मला वाटायचं, भजी खाऊन आले असतील.

मग तिनं खुंटीवरून सुतळी काढली. माझीच, दोन गाठींची. “सोपान बोलला, त्या आल्या तर ही दे. म्हनावं, काम सुतळीपरमानं हाय का न्हाई, तेवडं बगा.”

आप्पासोच्या नावेत शेवटी बसून परत आले. सुतळी मुठीत होती.

ह्यांनी घरी सांगू नको असं का म्हटलं असेल?

७ डिसेंबर

सकाळी उजाडल्याबरोबर बोटीपाशी गेले. सुतळी ब्रॅकेटला लावली. वरची गाठ काठाला, खालची गाठ बरोबर फळीवर. सुताचाही फरक नाही.

तिथंच चिखलात बसले. सुतळी पुन्हा मोजली. दोन विती, चार बोटं. वही काढून बघितली. दोन विती चार बोटं. सगळं बरोबर होतं आणि तरी बोट चालली नव्हती.

मग मान वर केली तर समोर त्यांचा पंजा.

बोटीच्या नाकाशी तो आहे. बोट आणली त्या दिवशी मी हळद-कुंकू लावलं, तर म्हणाले, हे पाण्यात जाईल. तांबड्या ऑइलपेंटच्या डब्यात हात बुडवून, बैलाच्या पाठीवर उमटवतात तसा बोटं फाकून पंजा उमटवला. मग रॉकेलनं हात धुतला आणि मी रॉकेलवरून बोलले. ते गेल्यापासून मी त्या बाजूनं बोटीत चढत नाही.

आज माझा हात त्या पंजावर ठेवला. अंगठा ताणला, करंगळी ताणली. दोन्हीकडे तांबडं उरलं. माझी बोटं त्यांच्या शेवटच्या पेराच्या अलीकडेच संपली.

मी वीत मोजली ती माझी. लिहिलेली होती त्यांची.

पंजावरून दोन विती आणि चार बोटं मोजली. सुतळी माझ्या सहा बोटांनी कमी पडली.

पंजाचा रंग जरा उडालाय. थंड लागत होता. हे लिहिताना सुद्धा मी आधी त्यांच्यासाठी रडले, सोपानची आठवण नंतर झाली. तेही लिहून ठेवते.

८ डिसेंबर

सोपान रात्रीच्या गाडीनं परतला होता. दुकानात काम नव्हतं. ट्रॉलीच्या जागेवर तेलाचे डाग तेवढे होते. तो खुर्चीवर बसून पाना पुसत होता. उठून उभा राहिला.

मी म्हटलं, “माप माजं चुकलं.”

“व्हय.”

“तुला कळलं हुतं?”

“सुतळी उचलली तवाच. नाथाजीदादाचा हात मला ठावं हाय की. माज्या खांद्यावर पडायचा तर खांदा दिसायचा न्हाई.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं की, बाई. तुमी काय बोललासा त्ये आटवा.”

आठवलं. वहीत लिहिलेलंही आहे. मी म्हटलं, “चूक झाली. मला माफ कर.”

“हितं कोन हाय ऐकाया?” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “पंक्चरवाला बी जेवाया गेलाय. तुमी घाटावर बोललासा, बाजाराच्या दिवशी. दोन कामं गेली माजी. आई दोन दिस भाईर पडली न्हाई. माफी अशी गुपचूप घिऊन मी काय करू? खुंटीला लावू?”

“सुतळी तवा का दाखवली न्हाईस? खिशात हुती तुज्या.”

“दाखवली असती तर म्हनला असता, मागनं कापली. तुमच्या शब्दाम्होरं माजी सुतळी कोन धरनार हुतं?”

मी म्हटलं, उद्या बाजार आहे, उद्या घाटावर सांगते. तो बरं म्हणाला. मुक्ताबाई दारात आल्या होत्या. ह्या वेळी तांब्या पुढं केला नाही.

९ डिसेंबर

घाटावर गेले. सगळे होते. सोपान चढावर बाभळीखाली उभा होता, दोन तास. मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, कांदे घेतले. तीनदा तोंड उघडलं. एकदा आप्पासोनं विचारलं, “काय म्हनता, राहीबाई?” मी म्हटलं, “काय न्हाई, ऊन लय हाय.”

डिसेंबरात.

परत आले.

१२ डिसेंबर

पंजा पुसून टाकावा असं काल मनात आलं. रॉकेलची बाटली घेऊन बोटीपर्यंत गेले. पंजा दिसला नाही तर कुणालाच कळणार नाही, सुतळी जाळली की झालं, असा विचार केला. अर्धा तास बसून आले. बाटली परत जागेवर ठेवली आहे. एवढंच.

१६ डिसेंबर

बाजार. सांगितलं.

सकाळी ठरवून गेले होते की काय बोलायचं ते पाठ करायचं नाही, नाहीतर मी फक्त पाठ केलेलंच बोलेन. बाजार उरकला होता, दुधाचे रिकामे कॅन नावेत चढवून झाले होते. परतीच्या नावेत बसायला माणसं चिखलात उभी होती, पंधरा-वीस. सोपान बाभळीखाली होता. येईल असं वाटलं नव्हतं.

मी सुतळी वर धरली. म्हटलं, “ऐका. बोट चालली न्हाई ती ह्या सुतळीपायी. माप म्या दिलं. माज्या वितीनं दिलं, त्यांची वीत मोठी हुती. सोपाननं बरोबर सुतळीपरमानं काम केलं. लोखंड कुनी खाल्लं न्हाई.”

मग आप्पासो हसला. “आता बायामान्साचं माप त्ये! चालायचंच, राहीबाई. चला, बसा नावंत.” सगळे हसले. आक्काताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी मला लगेच मोकळं केलं होतं. मीही हसले. पाय नावेकडे वळले होते.

सोपाननं पिशवी खांद्याला लावली. रागानं नाही. एखादा कामावरून घरी जातो तसा.

मी म्हटलं, “थांब, सोपान. अजून हाय.”

मग ते वाक्य मी पुन्हा बोलले. दोन तारखेला जसं बोलले होते तसंच, मोठ्यानं. इथेही लिहिते आता. ‘तुमच्या लोकांच्या हातात काम दिलं तवाच मला कळाया पायजे हुतं.’

म्हटलं, “ह्ये म्या बोलले हुते. सगळ्यांनी ऐकलंय. ह्ये खोटं हाय. त्याच्या हातात म्या काम दिलंच न्हाई. त्याच्या हातात टेप हुता, तो ठेवाय लावला. त्याला बोटीत पाय टाकू दिला न्हाई. थंडीत पाण्यात उभा केला. कृष्णातला चढवलं, आक्काताईला चढवलं, कोंबड्या चढवल्या. ह्येला न्हाई. टेप लावला असता तर समदं तवाच कळलं असतं.”

आता कुणी हसलं नाही. आप्पासो दोर सोडायला लागला. कृष्णात खाली बघत होता.

आक्काताई म्हणाल्या, “म्हंजे आता त्याला चढवनार व्हय बोटीत?”

“व्हय.”

“मग आमी कसं बसायचं गं?”

मी म्हटलं, “आवं, फळ्या हायेत की बसाया.” मला खरंच दुसरं काही सुचलं नाही. कुणीतरी मागून फिसकन हसलं. आक्काताई नाही हसल्या.

सोपान तिथूनच म्हणाला, “परवा टेप घिऊन येतो, बाई.”

नाव मला न घेताच सुटली. वळसा घालून, थोडं चालत, थोडं एका बैलगाडीत, दिवेलागणीला पोचले. पाय सुजले आहेत.

१८ डिसेंबर

सोपान आला. चपला काढायला लागला, मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, “चिखुल हाय, बाई,” आणि काढल्याच. बोटीत चढला. माझ्या आत काय होईल ह्याची मी वाट बघत होते. काही झालं नाही. बोट जरा हलली, कुणीही चढलं की हलते तशी.

त्यानं आतून भिंत ठोकून बघितली, कुठवर कुजलंय ते खडूनं आखलं, मग टेप लावला. मला दुसरं टोक धरायला लावलं. “साडेएकवीस इंच. लिवा.”

त्यांच्या पानावर, त्यांच्या ओळीखाली, मी लिहिलं: साडेएकवीस इंच. सोपाननं मोजलं.

पुढे जाताना त्याला पंजा दिसला. तिथं थांबला. मी म्हटलं, हात लावून बघ. तो म्हणाला, “नगं. मला ठावं हाय.”

ब्रॅकेट काढून दुकानात नेलं.

२१ डिसेंबर

ब्रॅकेट परत बसलं. नवं केलं नाही, त्यालाच खाली तुकडा जोडून फळी उतरवली. आतले नट सोपाननंच आवळले. बाहेर पाण्यात कृष्णात उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “लय गार हाय रं गड्या,” म्हणाला, आणि सोपान म्हणाला, “मला म्हायती हाय.”

वेल्डिंगचा जोड ठळक दिसतो. मी म्हटलं, रंगाऱ्याची लांबी लिंपून वर रंग देऊ, झाकून जाईल. सोपान म्हणाला, “लांबी भरू नगा. पातळ रंग द्या गंज न लागंल एवडा. जोड दिसाय पायजे, म्हंजे उद्या तडा गेला तर कळतंय.”

मग तो आणि मी रिकामी बोट मधोमध नेऊन आलो. इंजिन किंचाळलं नाही. खालच्या आवाजात घुमत राहिलं. आवाज पिंपातल्यासारखा येत होता, दारात यायचा तसा. मी पुढे बघत राहिले, मागे वळले नाही.

२३ डिसेंबर

बाजार. नऊ जणींतल्या चारच आल्या. कृष्णातची बायको सगळ्यात आधी येऊन बसली, फळीवर, मधोमध. आक्काताई आप्पासोच्या नावेसाठी थांबल्या. दूध चढलं, पुरुष चढले, त्या काठावरच होत्या. आम्ही जाऊन बाजार करून परत आलो तरी त्या तिथंच. निघताना मी म्हटलं होतं, “चला की.” त्यांनी तोंड फिरवलं. कितीतरी वर्षांचा शेजार आहे. मला वाईट वाटलं, पण मी बोट थांबवली नाही.

शिरवळच्या काठावर मुक्ताबाई आल्या होत्या, कुणाला तरी पोचवायला. मी त्यांच्याकडे पाणी मागितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आता तांब्या न्हाई आनला, बाई. घरी आलासा तर दीन.” मी येईन म्हटलं. त्या दिवशी प्यायला हवं होतं.

बाळासोनं गुऱ्हाळाचं काम परत दिलं. आप्पासोची ट्रॉली आली नाही, आणि येणारही नाही. लोक अजून म्हणतात, काहीतरी असल्याशिवाय राहीबाई बोलली नसेल. मी सांगितलेलं दुसरं त्यांना ऐकू आलं, पण पहिलंच लक्षात राहिलं.

सोपान ह्यांना दादा म्हणायचा. मला बाई म्हणतो. आज म्हणाला, “बाई, बोल्ट दर आटवड्याला आवळा.” पाना ठेवून गेला.

वही पातळ होती. माझी पानं मागून येत येत त्यांच्या शेवटच्या पानाला टेकली. ही ओळ मी त्याच पानाच्या कडेला लिहिते आहे. चित्र आहे, माप आहे, माझे इंच आहेत. ब्रॅकेटपुढे मी बरोबरची खूण केली. त्याच्याखाली त्यांच्या अक्षरात आहे, ‘सोपानला सांगणे’. तिथं पेन्सिल टेकवली होती. खूण केली नाही. ते सांगून झालं असं मला अजून वाटत नाही.